पोट भरल्याचा निरोप

कोडं असं होतं : आबांच्या रक्तातलं कोलेस्टेरॉल (मेणासारखा स्निग्ध पदार्थ) उतरलं आणि वजन चढलं. सहा महिन्यांत चार किलो. का?

त्यांच्या नातीनं, दहा वर्षांच्या शाल्मलीनं, पहिलं उत्तर चुटकीसरशी दिलं. "आबा खादाड झालेत!"

तेवढ्यावर थांबली असती तर! पण वसाहतीच्या भोजनघरात जेवण वाढणारा यंत्रमानव तिचं ऐकायचा. त्याला सगळे वाढपी म्हणत. तिनं त्याला एक वाक्य शिकवलं. रविवारच्या पंगतीत आग्रहाला ऊत आलेला असताना वाढपी आबांच्या पानापुढे थबकला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "आबा, चौथी पुरणपोळी! पोट आहे की पिंप?"

पंगत खो खो हसली. "दामलेकाका, पिंपाला झाकण बसवा!" समोरून कुणीतरी आबांना उद्देशून ओरडलं. आबाही हसले. मग त्यांनी पानावर हात आडवा धरला.

त्यानंतर आबांनी काय केलं, ते कुणालाच कळलं नाही.

तीन महिन्यांनी छातीत कळ येऊन ते जिन्यातच बसले. हृदयाची एक रक्तवाहिनी तुंबली होती. रुग्णालयात डॉक्टरांनी त्यांच्या कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांची डबी मागवली. शाल्मलीनं ती धावत नेली. डबी भरलेलीच होती.

"गोळी घेतली की भूक खवळते," आबा पुटपुटले. "म्हणून सोडली. लोक हसतात गं."

लोक. त्यांनी तिचं नाव घेतलं नाही. तेच तिला जास्त लागलं.

वसाहतीत परतताच तिनं भोजनघरात वाढप्याला गाठलं. "तू असं का बोललास?"

"तू शिकवलंस म्हणून."

"वजन का वाढलं, ते ठाऊक होतं तुला?"

"थोडंफार. पण तू विचारलं नाहीस. तू उत्तरच घेऊन आली होतीस."

"आता विचारते."

"आबांची गोळी म्हणजे स्टॅटिन (यकृतात कोलेस्टेरॉल तयार होणं मंद करणारं औषध). तिच्यामुळे रक्तवाहिन्या तुंबण्याचा धोका कमी होतो. आता चरबीच्या पेशी बघ. त्या लेप्टिन सोडतात ('पुरे आता' असा मेंदूला जाणारा रासायनिक निरोप). प्रयोगशाळेत अशा पेशींवर स्टॅटिन टाकलं, तेव्हा त्या लेप्टिन कमी बनवताना दिसल्या. निरोप क्षीण झाला तर?"

"मेंदूला वाटेल, अजून भूक आहे."

"हो. पण माणसांत सगळ्यांचंच असं होत नाही. काही जण तर गोळी आहे म्हणून निर्धास्त होतात आणि तूप जास्त ओढतात. आबांचं नेमकं काय, ते कुणी तपासलंच नाही."

"म्हणजे गोळी वाईट?"

"नाही. भूक वाढली तर डॉक्टरांना सांगायचं. आपल्या मनानं सोडायची नाही."

आबा घरी आले. गोळी पुन्हा सुरू झाली. जिने चढणं बंद झालं, म्हणून गच्चीवरची त्यांची दुर्बीण खाली आणावी लागली. खालून आकाशाची एक चिंचोळी पट्टीच दिसते.

"आबा, चुकलं माझं."

"मीही बोलायला हवं होतं," आबा म्हणाले.

शाल्मलीनं कोरी वही उघडली. "भूक लागली की मला सांगा. डॉक्टरांना दाखवू. पुढे कुणाच्या तरी उपयोगी पडेल."

"खरं सांगू?" आबा चाचरले. "आत्ताच लागलीय."

जेवून अर्धाच तास झाला होता. शाल्मलीनं लिहिलं : दुपारी दीड. भूक – खरी.