हलू नका, बाबा

सांगते, पण मध्ये बोलू नका. दुपारचे तीन वाजले होते. आमच्या सीटी स्कॅनच्या खोलीला खिडकी नाही, त्यामुळे दिवस काय नि रात्र काय, सारखंच. गारठा, स्पिरिटचा वास आणि यंत्राची घरघर. जिन्यावरून पडलेले एक म्हातारे शिंपी आले होते. सोबत मुलगी, तिला सातवा महिना. बाबांच्या डोक्यात रक्त साचत होतं. नेमकं कुठे ते दिसलं, की सर्जन कवटी उघडणार होते.

आणि डोकं धरून ठेवायचा आमचा पट्टा बघाल, तर त्याचं वेल्क्रो कधीच गेलेलं. तीन अर्ज दिले मी. वरून उत्तर काय, तर "भागवून घ्या." डोंबल भागवणार. चादरीच्या गुंडाळ्या करून कानांशी लावल्या, कपाळावर चिकटपट्टी मारली. बाबांनी मान झटकली, पट्टी निघाली. पहिला स्कॅन हलला. दुसराही हलला.

सर्जन फोनवर वैतागले होते. "हे धुरकट फोटो घेऊन कुठे भोक पाडू मी? दहा मिनिटं आहेत फार तर."

एरवी आम्ही नातेवाइकाला शिशाचा एप्रन घालून डोकं धरायला उभं करतो. पण पोटुशी बाईला आत कशी सोडू? आणि मी गेले तर बटण कोण दाबणार? रडकुंडीला आले होते अगदी. काचेतून बघत पुटपुटले, "कुणीतरी धरा हो त्यांना…"

तिसऱ्यांदा बटण दाबलं. बाबांचं डोकं सरळ झालं आणि तसंच राहिलं.

फोटो लख्ख आला. रक्ताची जागा स्पष्ट दिसली, माझ्या जिवात जीव आला. कवटीच्या दोन्ही बाजूंना पांढरे ठिपके होते. स्कॅनमध्ये डोक्याचे एकाखाली एक काप दिसतात; ते पुढे सरकवत गेले, तशी त्या ठिपक्यांची बोटं झाली. हाडांची दहा बोटं.

माझ्या शेजारी उभी असलेली मुलगी हळूच म्हणाली, "ताई… आत कोण आहे?"

आत बाबांशिवाय कुणी नव्हतं. आणि बोटं खालून वर आली होती, टेबलाच्या आतून. तिथे माणूस मावत नाही.

तरी फोटो पाठवले. न पाठवून सर्जनना सांगू काय? बाबांना स्ट्रेचरवर घेतलं, चादरी, पट्टी सगळं काढलं. मुलगी म्हणाली, "बाबा, इकडे बघा ना." डोकं वळलं नाही. फक्त डोळे फिरले, माझ्याकडे.

"बाई… फोटो झाला ना?"

"झाला, बाबा."

"मग त्यांना सोडायला सांगा…"