हस्तलिखितात नसलेली वाक्यं

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी फक्त जे झालं ते सांगणार आहे. पदरचं काही घालणार नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मजकुरातलं वाढलेलं काढून टाकण्याचंच काम केलंय मी.

मी प्रुफं तपासते. एका प्रकाशकाकडे, दुसऱ्या मजल्यावर, गोदामाला लागून असलेल्या खोलीत. एक टेबल, दोन खुर्च्या आणि कायम अर्धवट उघडी राहणारी खिडकी, एवढीच तेव्हा आमची खोली होती.

दुसरी खुर्ची मामांची. नात्यातले नव्हेत, पण साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणायचे. आमची पद्धत जुनी होती. मामा हस्तलिखित मोठ्यानं वाचायचे आणि मी समोर छापील प्रुफावर पेन्सिल फिरवायची. विरामचिन्हंसुद्धा वाचायची. "तो उठला, स्वल्पविराम, खिडकीशी गेला, पूर्णविराम." असं दिवसभर. नवखा माणूस आला की हसायचा. मामा वाचताना आवाज कधी चढवायचे नाहीत की उतरवायचे नाहीत. लग्न असो, मरण असो, एकच सूर.

त्या वर्षी आमच्याकडे एक मोठं काम आलं होतं. जुनी, गाजलेली रशियन कादंबरी. आधीचं भाषांतर होतं, पण ते इंग्रजीवरून केलेलं आणि निम्मं गाळलेलं. हे नवं, थेट रशियनवरून. हस्तलिखिताची पानं चौदाशे बारा. एकेका माणसाला चार-चार नावं. मामांनी भिंतीवर कागद चिकटवून सगळ्यांची वंशावळच लिहिली होती. म्हणायचे, "माझ्या सासुरवाडीची माणसं मला इतकी पाठ नाहीत."

भाषांतर केलं होतं बाईंनी. निवृत्त शिक्षिका. एकट्या राहायच्या. अकरा वर्षं हेच एक काम. शेवटची पानं आणून दिली तेव्हा पिशवी टेबलावर ठेवून म्हणाल्या होत्या, "आता मी मोकळी."

त्यानंतर तीन आठवड्यांनी त्या गेल्या.

न्हाणीघरात पाय घसरला. शनिवारी पडल्या, सोमवारी दार फोडलं. एवढंच आम्हाला कळलं होतं.

पुढच्या फेब्रुवारीत आम्ही प्रुफं हातात घेतली.

निम्म्याहून जास्त वाचून झालं होतं. दिवस मंगळवार. दुपारचे सव्वातीन. मी वेळ सांगू शकते, कारण तेव्हाच चहावाला कप घेऊन गेला होता. पान आठशे बावीस. एक म्हातारा जमीनदार घोडागाडीतून बर्फातून घरी चाललाय. मामा वाचत होते...

"घोड्यांच्या नाकातून वाफ निघत होती, पूर्णविराम. नळ दिसतोय, स्वल्पविराम, हात पोचत नाही, पूर्णविराम. गाडीवानानं मागे वळून पाहिलं, पूर्णविराम."

मी पेन्सिल थांबवली.

"मामा, मधलं एक वाक्य इथं गळलंय."

"कुठलं?"

"नळाचं."

"कसला नळ?"

"आत्ता वाचलंत ना, नळ दिसतोय, हात पोचत नाही."

मामांनी पान माझ्याकडे फिरवलं. बाईंचं टपोरं, सरळ अक्षर. घोडे होते. वाफ होती. गाडीवान होता.

नळ नव्हता.

"जेवण जास्त झालंय तुझं," मामा म्हणाले. मी हसले आणि आम्ही पुढे गेलो.

चार पानांनंतर पुन्हा...

"दार आतून लावलेलं आहे, पूर्णविराम. मीच लावलं, पूर्णविराम."

तोच सपाट सूर. मामांचे डोळे ओळीवरून जसे सरकायचे तसेच सरकत होते. त्यांना पत्ताच नव्हता.

यावेळी मी मामांना थांबवलं नाही. कोऱ्या कागदावर ते वाक्य लिहून ठेवलं. संध्याकाळपर्यंत अशी पाच झाली.

घरी मी कोणाला बोलले नाही. काय बोलणार? डोक्यावर परिणाम झालाय म्हणाले असते.

बुधवारी मी फोनवर मामांचं वाचन रेकॉर्ड केलं. दिवसभरात सात वेळा ते झालं. ऑफिस सुटल्यावर मामांना शेजारी बसवून रेकॉर्डिंग लावलं.

घोडे, बर्फ, दिवाणखाना... सगळं नीट ऐकू येत होतं.

फक्त जिथं ती वाक्यं आली होती, तिथं मामांचा आवाज नव्हता.

तिथं शांतता होती. आणि त्या शांततेत... पाण्याचा एकेक थेंब पडत होता.

आमच्या खोलीत नळ नाही. त्या मजल्यावरच नाही.

मामांनी ते तीनदा ऐकलं. मग म्हणाले, "उद्या तू वाच. मी तपासतो."

गुरुवारी मी वाचायला बसले. प्रत्येक शब्दावर बोट ठेवून वाचत होते. मनात म्हटलं, माझ्या तोंडून एक अक्षर इकडचं तिकडे होणार नाही. तासभर काहीच झालं नाही. मला हायसं वाटलं.

मग मामांची पेन्सिल खाली पडली.

ते माझ्याकडे बघत होते. चेहरा पांढराफटक.

"आत्ता काय वाचलंस?"

"आजी नातीला अंगठी देते ते."

"त्याच्या आधी."

"त्याच्या आधी काय? मेणबत्ती आणायला सांगते."

मामांनी प्रुफाच्या समासात काहीतरी लिहिलं आणि कागद माझ्यापुढे सरकवला.

*फोन वाजतोय, सात वेळा वाजला, थांबला.*

मला आधी कळलंच नाही. आणि मग कळलं.

मी पर्समधून फोन काढला. जुने कॉल शोधत मागे मागे गेले. नोव्हेंबर. तो शनिवार. पाच वाजून दहा मिनिटं. बाईंचा नंबर.

मीच केला होता तो फोन.

अक्षरजुळणीवाल्याला एका शब्दाचं अक्षर लागत नव्हतं म्हणून. त्यांनी उचलला नाही. मी म्हटलं, झोपल्या असतील. सोमवारी बघू. एवढं साधं होतं ते. पुन्हा लावलासुद्धा नाही.

"मामा, त्या तेव्हा जिवंत होत्या."



दुसऱ्या दिवशी मी बाईंच्या भाच्याला भेटायला गेले. त्याचं चष्म्याचं दुकान आहे. गिऱ्हाईक होतं, ते जाईपर्यंत मी बाकावर बसून राहिले. मग विचारलं, बाई पडल्यावर लगेच गेल्या का?

तो काउंटरची काच पुसत राहिला.

"डॉक्टर म्हणाले, रविवारी संध्याकाळपर्यंत तरी असाव्यात. खुब्याचं हाड मोडलं होतं. उठताच आलं नाही." मग म्हणाला, "आईला मी हे सांगितलेलं नाही. तुम्ही पण कोणाला सांगू नका."

मी मान हलवली. माझ्याकडे जे होतं ते त्याला कुठल्या तोंडानं सांगणार होते?

साहेबांना मात्र आम्ही सांगितलं. ते तासभर आमच्या खोलीत बसून ऐकत राहिले. त्या तासात एकही वाक्य आलं नाही. साहेब उठले, मामांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "दोघंही थकलात. पण एप्रिलमध्ये पुस्तक यायलाच हवं. बाईंसाठी तरी."

बाईंसाठी तरी.

म्हणून आम्ही वाचत राहिलो.

आळीपाळीनं. जो वाचायचा त्याला कळायचं नाही. जो ऐकायचा त्याला कळायचं. तिकडे कादंबरीत लढाई चालली होती, माणसं नाचत होती, कर्ज काढून पार्ट्या देत होती. आणि मध्येच, त्याच सुरात...

"बाहेर अंधार झाला, पूर्णविराम."

"थंडी वाजतेय, स्वल्पविराम, टॉवेल दांडीवर आहे, पूर्णविराम."

"शेजारी टीव्ही लागलाय, पूर्णविराम. मोठा करू नका, पूर्णविराम. मला हाक मारायची आहे, पूर्णविराम."

आम्हाला पुढचं माहीत होतं. सोमवारपर्यंत कोणी येणार नव्हतं. आणि आम्ही पान उलटत होतो.

एकदा मामा वाचत असताना आलं, "कोणी आहे का, प्रश्नचिन्ह."

मला राहवलं नाही. मी उभी राहिले आणि ओरडले, "आहोत! बाई, आम्ही आहोत इथं! ऐकू येतंय आम्हाला!"

अक्षरजुळणीवाला पळत आला. गोदामातली दोन माणसं आली. मामा हातात पान धरून नुसते माझ्याकडे बघत होते. वाचताना ते काय म्हणाले ते त्यांना ठाऊकच नव्हतं. पण माझ्या ओरडण्यावरून त्यांनी ओळखलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

दुसऱ्या दिवशी वाचायची पाळी माझी. पहिल्याच पानावर मामांनी हात वर करून मला थांबवलं. लिहून दाखवलं.

*जिन्यात कोणीतरी ओरडलं, बाई म्हणून हाक मारली, मग गेलं.*

मी त्या दिवशी घरी निघून गेले.

पान अकराशे तीनवर शेवटचं वाक्य आलं. "उजेड गेला, पूर्णविराम."

नंतर काही नाही.

तीनशे नऊ पानं उरली होती. आम्ही ती सगळी वाचली. प्रत्येक पूर्णविरामानंतर मामा जरासे थांबायचे, मी थांबायची. काहीच यायचं नाही. खरं सांगते, ती तीनशे पानं सगळ्यांत जड गेली. आधी निदान त्या होत्या.

पुस्तक एप्रिलमध्ये आलं. लोकांनी कौतुक केलं. भाषांतर वाटतच नाही, असं सगळे म्हणाले. माझी प्रत मी अजून उघडलेली नाही.

मामांनी त्या महिन्यात काम सोडलं. कारण विचारलं तर म्हणाले, घसा बसतो. मी दुसऱ्या विभागात बदली मागून घेतली. आता मी एकटी, मनातल्या मनात वाचते.

हे सगळं संपलं असं मी धरून चालले होते.

परवा मामींचा फोन आला. मामांच्या बायकोचा. आधी इकडचं तिकडचं बोलल्या. माझ्या मुलीची परीक्षा, त्यांचे गुडघे. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "अगं, यांचं जरा विचारायचं होतं तुला. हल्ली काहीही बोलले की लगेच मला विचारतात, 'मी आत्ता काय म्हणालो?' भाजी चांगली झालीय म्हणतात, आणि विचारतात, काय म्हणालो? दिवसातून पन्नास वेळा."

"मग तुम्ही काय सांगता, मामी?"

"जे म्हणालात तेच म्हणालात, असं सांगते. समाधान होतं त्यांचं. पण दर वेळी ते खरं नसतं गं."

मी उभी होते ती खाली बसले.

"मधेच एखादं भलतंच बोलून जातात. परवा पेपर वाचता वाचता म्हणाले, 'तहान लागली होती, आता लागत नाही.' काल पुन्हा तेच. मी त्यांना सांगितलं नाही, उगाच घाबरतील. तुला काय वाटतं, साखर तपासून घेऊ का त्यांची?"

माझ्या तोंडून शब्द फुटेना. आणि फुटला तर तो माझाच असेल की नाही, हेही मला कळत नव्हतं.

"हॅलो? आहेस ना?"

"आहे, मामी," मी म्हणाले. "घ्या तपासून."

दुसरं काय सांगणार होते मी त्यांना?