पाठमोऱ्या फोटोचं रेंडर

ज्यांना हे खोटं वाटेल त्यांच्याशी मी वाद घालणार नाही. मला लिहायची सवय नाही. घडलं तसं सांगतो.

भुताच्या गोष्टीला रात्र लागते म्हणतात. हे रात्री घडलं नाही. मार्गशीर्षातला मंगळवार होता. भर दुपारची वेळ. नगर शहर, रस्त्यावर गर्दी, आणि एक कॉम्प्युटरचं दुकान. दुकानाचं नाव देत नाही. मालकांना तसा शब्द दिलाय.

माझं नाव कल्याण. जामखेडला राहतो, लग्नाचं शूटिंग करतो. माझी बायको सुकन्या घरी बसून मोशन ग्राफिक्सचं काम करायची. लग्नपत्रिकेचे व्हिडिओ, वाढदिवसाचे, श्रद्धांजलीचे. साधा फोटो घ्यायची. त्यातला माणूस कापून एका थरावर ठेवायची, झाड दुसऱ्या, आभाळ तिसऱ्या. मग आभाळ सरकायचं, पदर हलायचा, वर नावं उमटायची. लोकांना वाटायचं फोटो जिवंत झाला.

भाद्रपदात ती गेली. सकाळी डोकं दुखतंय म्हणाली. संध्याकाळी आम्ही तिला घरी आणलं ते झाकूनच.

मी रडलो नाही. अजूनही रडलेलो नाही.

त्रास एकच होता. मला तिचा चेहरा आठवत नव्हता.

हार घातलेला फोटो आठवायचा. पण तो फोटो. समोर बसून जेवणारी सुकन्या आठवायला गेलो की हात यायचे, बांगड्या यायच्या, आवाज यायचा.

तोंडाच्या जागी काहीच नाही...

दिवाळीनंतर तिचं जुनं मशीन, म्हणजे कॉम्प्युटर, जळालं. आत फक्त हार्ड डिस्क वाचली. लग्नसराई तोंडावर. तिनं घेतलेल्या ऑर्डरी तशाच पडून होत्या. थोडंफार काम तिनं मला शिकवलं होतं. माझा मेहुणा अजिनाथ, तिचा धाकटा भाऊ, घरी आला आणि म्हणाला, "दाजी, भिताडाकडं बघत बसून काय हुनार हाय? ताईचं काम बंद पडू द्यायचं न्हाई. चला, मशीन बघू."

सुकन्याचा एक नियम होता. ती म्हणायची, "अहो, दुकानदार सांगंल त्यावर जायचं न्हाई. आपली फाईल न्यायची आन् तिथंच रेंडर लावायची. मशीन खरं का खोटं तवाच कळतं."

रेंडर म्हणजे सगळे थर एकत्र करून शेवटचा व्हिडिओ बनतो ते. मशीनवर खरा ताण तेव्हाच येतो. आतले पंखे ओरडायला लागतात. जुन्या मशीनचे पंखे तर आमच्या अंगणात ऐकू यायचे.

म्हणून मी पेनड्राईव्हवर तिची एक फाईल घेतली. गिऱ्हाइकांना दाखवायला तिनं केलेला नमुना होता. लोकांचे फोटो असे परस्पर वापरायचे नाहीत, म्हणून तिनं स्वतःचा फोटो घेतला होता. नेवाशाला प्रवरेच्या घाटावर मीच काढलेला. ती घाटाच्या वरच्या पायरीवर उभी आहे. निळी साडी. नदीकडं तोंड करून.

पाठमोरी.

हे नीट लक्षात घ्या. फोटो पाठमोरा आहे. त्यात चेहरा नाहीच. आणि हे एआयचं काम नाही. फाईल जुनी आहे, साध्या थरांची. पाणी हलतं, पदर हलतो, पाकळ्या पडतात, बस.

दुकानाचे मालक शामकांत म्हणून आहेत. साठीचे असतील. आधी दुरुस्ती करायचे, मग दुकान टाकलं. अजिनाथ आत शिरला आणि थेट काचेच्या डब्यातल्या एका मशीनपाशी गेला. आत लाल-निळ्या लायटी फिरत होत्या.

"दाजी, ह्योच घ्या. लई भारी दिसतोय."

"पाहुणे, तो गेम खेळणाऱ्या पोरांसाठी आहे," शामकांत म्हणाले. "लायटीनं व्हिडिओ होत नाही. लायटी वरातीला लागतात."

"मग आमच्या दाजींचा धंदा वरातीचाच हाय की!"

शामकांत हसले. मीही हसलो असेन.

ते मला म्हणाले, "कल्याणराव, दिखाव्यावर पैसे घालू नका. मोशनच्या कामाला रॅम भरपूर लागते. प्रोसेसर दमदार हवा. ग्राफिक्स कार्ड बरं असलं तरी चालतं, सगळ्यात महागडं नको. आणि पुढं रॅम वाढवायला जागा पाहिजे. तीन मशीन दाखवतो. फाईल आणलीय ना? लावून बघा. शहाण्या माणसानं दिलेला सल्ला दिसतोय."

"बायकोनं," मी म्हणालो. खिशातून पेनड्राईव्ह काढला.

पहिलं मशीन एका कंपनीतून निघालेलं. काळं, जड, जुनं वर्कस्टेशन. सगळ्यात स्वस्त. फाईल उघडली. तिचे मराठी फॉन्ट त्या मशीनवर नव्हते, म्हणून अक्षरांच्या जागी चौकोन आले. बाकी ठीक. रेंडर लावलं. पंखे ओरडायला लागले. बराच वेळ लागला.

व्हिडिओ बघितला. पाणी हलत होतं. पाकळ्या पडत होत्या. ती पाठमोरी उभी होती.

साडी...

साडी हिरवी होती.

"ताईची ही साडी निळी हुती ना?" अजिनाथ म्हणाला.

"मॉनिटर जुना आहे," शामकांत काउंटरवरून म्हणाले. "रंग इकडं तिकडं होतात."

आम्ही मान्य केलं. पण शेजारची नदी, आभाळ, माझ्या ओळखीची ती पिवळी होडी, सगळ्यांचे रंग बरोबर होते. फक्त साडी हिरवी. सवाष्ण गेली म्हणून शेवटी तिला नेसवली होती तसली. मला तेव्हा ते सुचलं.

अजिनाथ वडापाव खायला बाहेर गेला. शामकांतांकडं दुसरं गिऱ्हाईक आलं. मी एकटाच दुसऱ्या मशीनपाशी बसलो. हे नवीन, दुकानातच जोडलेलं. पहिल्यापेक्षा महाग, पण झेपण्यासारखं. रेंडर लावलं. पंखे सुरू झाले. स्क्रीनवर टक्क्यांचा आकडा भराभर वर चढायला लागला.

आणि मध्येच पंखे बंद पडले.

मला वाटलं मशीन अडकलं. पण आकडा वर जातच होता. पंखे गप्प. हात लावून बघितलं. डबा गार होता.

एवढं काम चालू असताना मशीन गार राहत नाही. कोणालाही विचारा.

व्हिडिओ उघडला.

हिरवी साडी. वाऱ्यानं पदर हलला. आणि तिची मान...

तिची मान थोडी वळली.

पूर्ण नाही. कोणी हाक मारल्यावर माणूस कानोसा घेतो, तेवढीच. डावा कान दिसला. गालाची कड दिसली. कानात झुबे नव्हते.

कानात कापूस होता.

मी तो व्हिडिओ पुन्हा बघितला. पुन्हा तसंच. भीती वाटायला हवी होती हे मला कळत होतं. ती वाटली नाही. एवढंच वाटलं, अजून थोडी वळली असती तर दिसलं असतं.

तिसरं मशीन आतल्या खोलीत होतं. एका गिऱ्हाइकानं जोडून घेतलं आणि नेलंच नाही, म्हणून शामकांत ते उतरत्या भावात द्यायला तयार होते. रॅम दुप्पट, कार्ड चांगलं. पैशाच्या मानानं तेच सगळ्यात परवडणारं होतं. मी त्यांना म्हणालो, "त्याच्यावर लावा."

त्यांनी फाईल घेतली, रेंडर सुरू केलं. तेवढ्यात अजिनाथ तोंडात घास घेऊन धावत आला.

"दाजी, चावी द्या... न्हाई, तुमीच चला. ट्रॅफिकवाला आपली पिकअप गाडी उचलाया लागलाय!"

मी गेलो. गाडी काढली, पुढच्या गल्लीत लावली. परत आलो तेव्हा दुकानात शांतता होती. गिऱ्हाईक गेलं होतं. छताचा पंखा फिरत होता, पण त्याचाही आवाज येत नव्हता.

शामकांत आतल्या खोलीच्या दारात उभे होते. हातात मशीनची वायर. भिंतीतून उपटलेली.

"झालं का रेंडर?" मी विचारलं.

"कल्याणराव, मधलं मशीन घ्या. अजून कमी करून देतो."

"हे का नको?"

"हे मी देत नाही."

"अवो काका, मगाशी तर तुमीच गुन गात हुता," अजिनाथ म्हणाला. "आता कुनी जादा पैशे दिले व्हय?"

शामकांतांनी त्याच्याकडं बघितलंच नाही. मला विचारलं, "तुमच्या मंडळी कधी गेल्या?"

सुकन्या गेल्याचं मी त्यांना सांगितलं नव्हतं. अजिनाथनंही नाही.

"भाद्रपदात," मी म्हणालो. "चेहरा दिसला?"

त्यांनी हातातली वायर गुंडाळली. मग म्हणाले, "दिसला."

"रडत होती?"

"नाही."

"मग?"

"माझ्याकडं बघून मान हलवली. नको म्हणताना हलवतात तशी. दोनदा." त्यांनी वायर काउंटरवर ठेवली. "व्हिडिओ मी पुसून टाकला. मला काही विचारू नका. मी देवाधर्माचा माणूस आहे, पण असलं कधी बघितलं नाही."

अजिनाथच्या हातातला वडापाव तसाच राहिला.

मला राग आला असं म्हणता येणार नाही. पण तीन महिने मी ज्या चेहऱ्यासाठी भिंतीकडं बघत होतो, तो एका परक्या माणसानं बघितला. आणि मी तेव्हा गाडी बाजूला घेत होतो.

मी तेच मशीन घेतलं. शामकांत नाही म्हणत होते. मी काउंटरसमोरून हललो नाही. शेवटी त्यांनी खोकं बांधून दिलं. बिल करताना एकदाही मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन खोलीत आलेलं असताना, मी ती फाईल लावली. तिच्याच खुर्चीवर बसलो. आकडा वर चढला. पंखे बंद पडले. मला बरं वाटलं.

व्हिडिओ उघडला.

निळी साडी. पाठमोरी. पाणी हलतंय, पाकळ्या पडतायत.

ती वळली नाही.

पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितला. मान हलली नाही. कान दिसला नाही. पुन्हा रेंडर लावलं. पुन्हा तेच.

पण दुसऱ्या वेळी काहीतरी खटकलं. मूळ फोटो शेजारी उघडला. फोटोत ती वरच्या पायरीवर आहे.

व्हिडिओत...

ती खालच्या पायरीवर होती.

फाईल उघडून तपासली. तिचा थर जागच्या जागी. कोणी हलवलेला नाही. फक्त रेंडर झालेल्या व्हिडिओत ती खाली गेलेली.

मी पुन्हा लावलं. अजून खाली.

तेव्हाच थांबायला हवं होतं. मला कळलं होतं, दर वेळी ती पाण्याकडं जातेय. पण दर वेळी वाटायचं, या वेळी वळेल. एकदा वळलीय तर वळेल. लोकांच्या ऑर्डरी करायच्या मध्येच मी ती फाईल लावायचो. गिऱ्हाइकांच्या व्हिडिओला पंखे नेहमीसारखे ओरडतात. मशीन उत्तम आहे, तक्रार नाही. फक्त तिच्या फाईलला ते गप्प होतं.

आता ती शेवटच्या पायरीवर आहे. साडीचा काठ पाण्याला लागलाय. लहान दिसते, बोटाच्या पेराएवढी.

त्यानंतर मी लावलेलं नाही. फाईल पुसलेलीही नाही.

परवा अजिनाथ आला होता. मी त्याला सगळे व्हिडिओ एका ओळीनं दाखवले. एरवी मस्करी करणारा माणूस. बराच वेळ स्क्रीनला नाक लावून बसला. दुकानात ती मान वळवताना त्यानं बघितली नव्हती.

मग म्हणाला, "दाजी, मला एकदा लावू द्या."

"आता एकदाच उरलंय, अजिनाथ. पुढं पाणी आहे."

"म्हनूनच म्हनतोय. तुमी लई येळा बघितलं. मी शेवटाला तिच्या तोंडाकडं बघितलं न्हाई. धीरच झाला न्हाई मला." त्यानं डोळे पुसले. "त्या दुकानदाराकडं वळली. माझ्याकडं न्हाई वळनार व्हय? मला कडंवर घेऊन फिरायची ती."

मी म्हणालो, "तिनं नको म्हटलंय."

"दुकानदाराला म्हनली. मला कुठं म्हनली?"

तिनं कशाला नको म्हटलं, हे मलाही माहीत नाही. मशीनला, रेंडरला, का मलाच.

त्याला हो म्हटलं तर ती जाईल, आणि वळली तर त्याच्यासाठी वळेल. नाही म्हटलं तर मी स्वतः कधीतरी लावणार, हे मला ठाऊक आहे. हात तिथं जातोच.

मी त्याला रविवारी ये म्हणालो.

आज शनिवार आहे. सकाळपासून एका लग्नपत्रिकेचं रेंडर चालू आहे. पंखे ओरडत होते. हे लिहायला बसलो तेव्हापर्यंत ओरडत होते.

आत्ता खोलीत काहीच आवाज नाही. मी अजून स्क्रीनकडं बघितलेलं नाही.