बुनाची साल

मे महिन्यात अकिताच्या डोंगरात बर्फ आधी बुनाच्या झाडांभोवती वितळतं. करडं खोड ऊन शोषतं आणि बुंध्याभोवती विहिरीसारखा गोल खड्डा पडतो, तळाशी ओली माती. त्या वर्षी प्रत्येक खड्ड्यात बुनाची रोपं दाटीनं उगवली होती. सहा-सात वर्षांतून एकदा बियांचा बहर येतो, तो आदल्या शरदात येऊन गेला होता. अस्वलं आणि उंदरं खाऊन खाऊन थकली होती.

त्सुया प्रत्येक खड्ड्यात वाकून पाहत होती. तिला नवऱ्याचं निदान एक हाड हवं होतं.

गेन्झो सात नोव्हेंबरला उन्मळून पडलेल्या बुनांवरची अळंबी काढायला वर गेला, तो परतला नाही. संध्याकाळी बर्फ सुरू झालं; चौथ्या दिवशी शोध थांबला. आता येत्या रविवारी क्रियाकर्म ठरलं होतं. रिकाम्या अस्थिकलशापुढं उदबत्ती लावायला त्सुया तयार नव्हती, म्हणून धाकटा दीर मासातो कुरकुरत का होईना, तिच्याबरोबर शेवटचं एकदा वर आला होता.

"दादा जन्मात कधी वेळेवर आला नाही," तो म्हणाला. "स्वतःच्या क्रियाकर्मालाही उशीरच करणार, वहिनी."

ओढ्याच्या वळणावरच्या बुनावर नाव दिसलं. गेन्झो. खाली तारीख, अकरावा महिना, सात, आणि गेल्याच वर्षाचा आकडा. डोंगरात फिरणारी माणसं अशी नावं कोरतातच. मासातोचा चेहरा उजळला. इथवर आला होता म्हणजे जवळच कुठंतरी असणार, असं त्याचं म्हणणं.

त्सुया खड्ड्यात उतरली आणि तिनं हात उंचावून नावावर ठेवला.

बुनाच्या गुळगुळीत सालीवरची रेघ बुजत नाही. खोड जाडावतं तशी ती रुंदावते. अस्वलाच्या नखांच्या खुणांवरून तिचे वडील सांगायचे, हे अस्वल तुझ्या जन्माआधीचं. इथं एकेका रेघेत तिचा तळहात मावत होता. कडा काळ्या पडून फुगल्या होत्या. साठ वर्षं तरी झाली असतील.

"दुसरा कुणी गेन्झो असेल," मासातो म्हणाला.

"आणि तारीख?"

नावातली शेवटची रेघ नको तेवढी वर ओढलेली होती. लग्नाआधीच्या पत्रांपासून त्सुया ती ओळखत होती.

चाळीसेक पावलं वर दुसरं झाड. तेच नाव, तीच तारीख. रेघेत चार बोटं मावली.

त्याच्या वरच्या झाडावर दोनच बोटं.

मासातोच्या थट्टा थांबल्या होत्या. वरच्या बर्फावर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. मागं वळून पाहिलं तर फक्त या दोघांचीच.

"खाली जाऊ, वहिनी."

"पुढचं झाड बघते."

पुढच्या झाडावर रेघ नखाएवढी होती.

शेवटचं झाड माथ्यावर होतं.

काप ओला होता. आतला फिकट रंग अजून काळवंडला नव्हता. सालीच्या ढलप्या रोपांवर पडल्या होत्या आणि त्या खड्ड्यातलं एकही रोप तुडवलेलं नव्हतं.

मासातोनं हाक मारली, घरात शेजारच्या खोलीत मारावी तशी, हलकेच. "दादा."

ओ आली नाही.

"रविवारचं काय सांगू?" त्यानं विचारलं.

"होणार नाही म्हणून सांगा."

ती अजून अक्षरांकडे बघत होती. तेच नाव, तीच तारीख, तीच वर ओढलेली रेघ. पण प्रत्येक रेघेत सुरी तीन-तीनदा निसटली होती, म्हाताऱ्याचा हात थरथरावा तशी. गेन्झो सहासष्ट वर्षांचा होता, ताठ, तिच्याहून वीतभर उंच.

हे नाव तिच्या गुडघ्याच्या उंचीवर कोरलेलं होतं.