साहेबिणीतली फेरी

त्या दिवशी कारंज्याच्या बाजारात वांग्यांची गाडी रिकामी करून मी घरी आलो, तेव्हा डोक्यात फक्त भाकरी आणि झोप होती. दारातच मनकर्णावहिनी उभ्या. माझ्या थोरल्या भावाची, जगदेवदादांची बायको. दादांना जाऊन दीड वर्ष झालं होतं, आणि तेवढ्या काळात वहिनींनी माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं.

"भाऊजी, मले एकदा साहेबिणीत बसवसान का?"

साहेबीण म्हणजे बाई नव्हे. ती आमची नाव. विलायतेत बांधलेली, चाळीस वर्षं जुनी, शर्यतीची शिडाची नाव. अंगानं लांब, निमुळती, आणि डोलकाठी अशी उंच की शेजारची चिंच खुजी दिसावी. एका गोऱ्या इंजिनियरानं तिच्यावर मुंबईला शर्यती जिंकल्या होत्या म्हणे. बदली झाली तसा तो तिला वऱ्हाडात घेऊन आला, आणि मायदेशी परतताना तिचं काय करावं ते त्याला उमजेना. दादा त्याच्या बंगल्यावर भाजी पोचवायचे. त्यांनी आमची बैलजोडी देऊन ती नाव घरी आणली. बागाईतदारानं बैल देऊन नाव घ्यावी! अख्खा गाव हसला. मी मात्र हसलो नाही, कारण त्या जोडीतला एक बैल माझा होता.

पण दादांनी गावामागच्या तलावावर ती चालवून दाखवली. पडले, भिजले, चार वेळा उलटे झाले आणि शिकले. दर रविवारी ते तिला जवसाचं तेल पाजायचे. त्यांच्या अंगालाही तोच वास. वहिनी चिडायच्या. दादा म्हणाले, "चाल वो, एक फेरी मारू," की वहिनींचं ठरलेलं उत्तर, "सवतीच्या मांडीवर बसाले मी काई येत नाई." थट्टेत सुरू झालेलं हे पुढं हट्टावर गेलं. मग एका भाद्रपदात दादांना ताप आला आणि तिसऱ्या दिवशी ते गेले. वहिनी साहेबिणीत एकदाही बसल्या नाहीत. ती एक फेरी त्यांना आतून पोखरत होती, हे मला त्या दुपारी दारात कळलं. मी लगेच हो म्हणालो.

नाव गुरांच्या कोठ्यात कोरडी पडली होती. बैलगाडी जपावी तशी मीच ती आत नेऊन ठेवली होती. फळ्या आकसून मधल्या फटींतून पलीकडचा उजेड दिसत होता. फटींत कापूस भरतात, हे दादांना करताना मी पाहिलं होतं. किती भरतात, ते पाहिलं नव्हतं. आम्ही कापसाच्या मुलुखातली माणसं. कापूस म्हटला की ठासून, दाबून, गठाण बांधल्यागत भरायचा. आठ दिवस मी तो छिन्नीनं ठोकत बसलो. मुंगी शिरायची नाही असं काम केलं आणि स्वतःवर खूश झालो. गाडीच्या कोरड्या चाकाला पाणी पाजलं की लाकूड फुगतं, हे मला पोरवयापासून ठाऊक. नावेच्या बाबतीत ते डोक्यातच आलं नाही. लाकडाला फुगायला मी जागाच ठेवली नव्हती.

नाव पाण्यात सोडून तीन दिवस बांधून ठेवली. तिसऱ्या सकाळी काठावर कपडे धुणाऱ्या गोमतीबाई म्हणाल्या, "गुलाबराव, तुमची नाव आतून वाजून राह्यली जी. कट... कट... कोनी बोटं मोडल्यावानी."

"म्हातारी हाय," मी म्हणालो. "हाडं दुखत असतीन."

त्याच दुपारी आम्ही निघालो. वेळ वहिनींनीच ठरवली. विधवा बाई नावेतून मिरवते, असं म्हणायला गावाला कितीसा वेळ लागतो! फाल्गुनातलं ऊन, काठावर चिटपाखरू नव्हतं. वारा म्हणाल तर नावालाही नव्हता. शीड डोलकाठीला लुळं लटकत होतं. मी बांबूनं रेटत रेटत नाव मधोमध नेली. वहिनी मागं सुकाणूच्या दांड्यापाशी बसल्या. दादांची जागा मोकळी सोडून, तिच्या शेजारी.

"किती थंडगार हाय नाई अठी," त्या म्हणाल्या. "मले उगाच भेव वाटे."

त्यांनी वाकून पाण्यात बोटं बुडवली. आणि मग खाडकन आवाज झाला.

तळाची फळी फुगून निखळली होती. पाणी उसळून आत आलं. मी खांद्यावरचा पंचा भोकात कोंबला, तो वाहून गेला. पाणी घोट्याला लागलं, मग पोटरीला, मग गुडघ्याला. बांबू आता तलावाच्या तळाला टेकेना. काठ चारी बाजूंनी सारखाच लांब, आणि पोहता दोघांनाही येत नव्हतं.

"वैनी... माह्या हातानं झालं हे... मले माफ करा..."

वहिनींचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. त्या सुकाणूच्या दांड्याकडे पाहत होत्या.

आधी वास आला. जवसाच्या तेलाचा, नुकतं हाताला चोळल्यासारखा. या खेपेला मी नावेला तेल लावलंच नव्हतं. मग शीड हललं. काठावरच्या बाभळीचं पान हलत नव्हतं, पाण्यावर सुरकुती नव्हती, आणि ते शीड सावकाश भरत गेलं. नाव वळली. दांडा आपोआप सरकत होता. इंच, दोन इंच, थांबून पुन्हा इंच. दादा असंच वळवायचे. त्यांना कधी घाई नसायची.

वहिनींनी हात पुढं केला.  त्यांनी तळहात दांड्यावर ठेवला नाही. दांड्याच्या चार बोटं वर, नुसत्या हवेत ठेवला. आणि तो तिथं टेकला.

"गरम हाय..." त्या पुटपुटल्या. "ताप उतरला नाई अजून..."

नाव काठाला लागली. मी चिखलात उडी टाकली आणि वळून हात दिला. "उतरा वैनी, लवकर!"

"तुमी व्हा पुढं, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "आमी येतो एक फेरी मारून."

आणि नाव काठापासून सुटली. कडांपर्यंत पाण्यानं भरलेली, तळाला हातभर भगदाड पडलेली नाव! मी हाका मारत काठाकाठानं धावलो.  साहेबीण तलावाच्या मधोमध पोचली तेव्हा तिकडून हसण्याचा आवाज आला. वहिनींचा. दादा गेल्यापासून मी तो ऐकला नव्हता. मी होतो तिथंच बसलो आणि रडलो. भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू. पण रडू काही भीतीचं नव्हतं.

उन्हं कलली तेव्हा त्या परत आल्या. वहिनींचा पाय जमिनीला लागला आणि मागं साहेबीण बुडबुडे सोडत गुडघाभर पाण्यात खाली बसली. वहिनींच्या लुगड्याचा काठसुद्धा कोरडा होता.

आम्ही घराकडे निघालो. मला विचारायचं खूप होतं, धीर होत नव्हता. आता सुताराला बोलवावं लागेल, एवढंच काहीतरी मी बोललो. वहिनी उंबऱ्यात थांबल्या. चेहरा नव्या नवरीसारखा लाजरा झाला होता.

"फळी बसवाची घाई करू नका, भाऊजी," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "उद्या अशीच नेऊ, म्हनून राह्यले ते."