घामाची साक्ष

"थांबा!"

खडूचं टोक रेशमाला टेकणार, तोच मास्तरीणबाईंचा हात टेलरमास्तरांच्या मानेवर पडला आणि चटका बसावा तसा मागे आला. कॉलर चिंब होती! बाहेर अशी थंडी की खिडकीच्या काचा धुरकटलेल्या, लेक दोन-दोन स्वेटर घालून बसलेली, आणि या माणसाच्या पाठीवरून घामाचे ओघळ...

"घेतलीत?" त्यांनी विचारलं.

"नाही गं."

"माझ्याकडे बघून सांगा!"

"घेतली नाही," मास्तर म्हणाले. पण याच दोन शब्दांत ते इतकी वर्षं खोटं बोलत आले होते की खरं सांगायला त्यांच्याजवळ दुसरे शब्दच उरले नव्हते.

मास्तरांसारखा बेतणारा टेलर साऱ्या पेठेत नव्हता, आणि त्यांच्यासारखा पिणाराही नव्हता. काजं-बटणं मास्तरीणबाई करत, म्हणून लोकांनी त्यांनाही ही पदवी लावून टाकलेली. पिण्याच्या दिवसांत मास्तर पेपरमिंट चघळत घरी येत. वासाला फसवत, शब्दांनी फसवत... फसवत नसे तो एकटा घाम. प्यायले की अंगाला धारा लागायच्या. तेव्हापासून घरात न्याय ठरून गेला होता, मानेवर हात ठेवायचा आणि निकाल द्यायचा. "जिभेला हाड नसतं, आणि घामाला जीभच नसते, तो कशाला खोटं बोलेल!" असं मास्तरीणबाई म्हणायच्या, आणि त्यावर मायलेकी हसायच्याही. हसण्यासारखं दुसरं होतं काय त्या घरात?

यंदा मास्तरांनी सरकारी दवाखान्यात जाऊन दारू सोडली होती. सोडताना मागणं एकच केलं होतं, "लेकीच्या लग्नाचा पोशाख मी बेतणार. दुसऱ्या कुणाची कात्री लागता कामा नये." लेकीने हो म्हणायला फार दिवस घेतले होते. आणि आज हे!

लेकीने रेशीम गोळा करून पिशवीत भरलं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, हेच मास्तरीणबाईंना सोसवेना.

"राहू दे आई. मी चौकातल्या टेलरकडे देते. चूक माझीच, पुन्हा भोळेपणा केला मी."

मास्तरांनी खडू खिशात टाकला, टेप गुंडाळली आणि कोट न घालताच जिना उतरून गेले. एक शब्द नाही, एक शिवी नाही. पूर्वी असा आरोप झाला की भांडी फुटायची. ही शांतता मास्तरीणबाईंना नवी होती.

पण राग मोठा होता. लेकीला घेऊन त्या तडक दवाखान्यात गेल्या. निदान त्या डॉक्टरीणबाईंना तरी कळू दे, कुणावर औषधं उधळताय ते!

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि समोरच्या खुर्च्यांकडे बोट दाखवलं. "बसा आधी. मास्तर आज सकाळीच तपासणी करून गेलेत. प्यायलेले नाहीत ते."

"अहो, पण घाम? शर्ट पिळून काढावा इतका घाम!"

"तो येणारच. वर्षानुवर्षं दारूची सवय झालेलं शरीर आहे. दारू काढून घेतली की नसा बिथरतात. सुरुवातीचे दिवस फार वाईट. पुढेही काही जणांना आठवडे जातात, काहींना महिने... रात्री अंथरूण भिजतं, थंडीत घाम फुटतो. हळूहळू कमी होईल. मी त्यांना म्हटलं होतं, घरच्यांना घेऊन या, समजावून सांगते. तर म्हणाले, त्यांनी माझं पुष्कळ सोसलंय, आता घामाचं गाऱ्हाणं कुठे सांगत बसू?"

लेकीने मांडीवरची पिशवी घट्ट धरली.

डॉक्टरीणबाई पुढे बोलत राहिल्या. "यावेळी औषधं आहेत, देखरेख आहे. मागच्या वेळी एकट्यानेच सोडली होती म्हणे, कुणाला न विचारता. जिवावर बेतलं असतं! घामाने तर न्हाऊन निघाले असतील तेव्हा. तरी काही दिवस तग धरलाच. मग पुन्हा कशी सुरू झाली, ते मात्र काही केल्या सांगत नाहीत."

कशी सुरू झाली ते जगात दोघांनाच माहीत होतं, मास्तरांना आणि मास्तरीणबाईंना...

तेव्हाही मास्तर असेच घामाने थबथबलेले, हात लटलट कापताहेत, "घेतली नाही गं, खरंच नाही," म्हणून विनवताहेत... आणि आपण? आपण कपाटामागे लपवलेली बाटली काढली, पेला भरला आणि त्यांच्यापुढे आदळला! "चोरून कशाला? माझ्यासमोर प्या!" ते कितीतरी वेळ पेल्याकडे बघत राहिले होते, आणि मग त्यांनी तो उचलला होता. 'बघा, शेवटी प्यायलेच!' असं म्हणत आपण जिंकल्यासारखं पाठ फिरवली होती. त्या दिवशी घरात खरं बोलणारा माणूस एकच होता, आणि त्यालाच आपण आपल्या हाताने विष पाजलं! आणि इतक्या वर्षांच्या भांडणांत, अगदी भांडी फुटत असतानाही, त्या माणसाने ही गोष्ट कधी तोंडावर फेकली नाही...

"आई? काय झालं?"

"चल. आधी दुकानात चल!"

वाटेत गुत्ता लागला. मास्तरीणबाईंनी दारातून डोकावून बघितलंच. मास्तर आत नव्हते. हायसं वाटलं, आणि दुसऱ्याच क्षणी आपण डोकावलो याची लाज वाटली.

मास्तर दुकानातच होते. कटिंगच्या टेबलाशी बसून, दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवून, ते हात थरथरायचे थांबायची वाट बघत होते. शर्ट पाठीला चिकटला होता.

"मी ओतली होती!" मास्तरीणबाई उंबऱ्यातच कोसळल्या. "लेकी, ऐक गं... तेव्हा हे खरं बोलत होते, आणि मी... मी भरून दिली यांना! माझ्या हाताने! अहो, मला बोला हो काहीतरी! एकदा तरी बोला!"

लेक भिंतीला टेकून उभी राहिली. आईकडे बघावं की बापाकडे, तिला कळेना.

मास्तर लगबगीने उठले. "अगं, उठ आधी. लोक बघतील, म्हणतील मास्तर सोडून मास्तरीणच प्यायला लागली." आणि मग हलक्या आवाजात म्हणाले, "ओतलीस तू, गिळली मी. आणि लांडगा आला रे आला म्हणून तुम्हाला इतकी वर्षं पळवलं कुणी? तुझा हात माझ्या मानेवर यायचा, त्याला कारण मीच होतो ना?"

"तुम्ही कुणाला सांगितलं का नाही कधी?"

"सांगून काय करायचं होतं? लेकीला एक तरी माणूस धड राहू दे म्हटलं."

मास्तरीणबाई पदरात तोंड खुपसून रडू लागल्या. त्यांना क्षमा मिळाली होती, पण ती घ्यायला हातच पुढे होत नव्हता.

लेकीने पिशवी उघडली. रेशीम टेबलावर पसरलं, सुरकुती तळव्याने सारखी केली. "बाबा, बेता."

"आज नको गं. हात बघ माझे. घाम टपकेल. रेशमावर पडलेला थेंब डाग ठेवूनच जातो."

"आजच."

मास्तरांनी मापं टाकली. खडूच्या रेघा आधी वाकड्या आल्या, त्यांनी त्या झटकून पुन्हा ओढल्या. मास्तरीणबाई टेबलाचं दुसरं टोक धरून उभ्या राहिल्या. यावेळी त्यांनी मानेवर हात ठेवला नाही. मास्तरांनी कात्री उचलली, वाकले, आणि कपाळावरून एक थेंब सुटून नेमका छातीच्या भागावर पडला. रेशमावर तो पसरत गेला...

कात्री जागीच थांबली. मास्तरांनी अपराध्यासारखं वर पाहिलं.

लेकीने त्या ओल्या ठिपक्यावर बोट ठेवलं. आता मात्र तिचे डोळे भरून आले होते.

"हा भाग काढून टाकू नका, बाबा. पुढे कापा."