सहावी गाडी

गाडीतून उतरलेला माणूस रस्त्यावरच्या माणसापेक्षा जास्त भिजलेला… कीलुंग गावच्या पावसात जन्म काढूनही गॅरेजच्या दारात उभ्या छाइयुनने हे पहिल्यांदाच पाहिलं.

"हसू नका," तो म्हणाला.

"छत उघडं ठेवून आलात काय?"

"बंद आहे हो! तरी प्रत्येक वळणावर डोक्यावर तांब्या ओतल्यासारखं होतंय. आणि उद्या सकाळी आठला बहिणीची वरात! सहा गाड्या ठरल्यात, ही सहावी. पाच झाल्या तर विषम आकडा, लग्नात अशुभ… आई म्हणते, दुसरी गाडी बघ."

त्याचं नाव तिंगवेइ. कपाळावरचं पाणी पुसत तो इतक्या केविलवाण्या नजरेने बघत होता की छाइयुनला भलताच हुरूप आला.

"दुसरी कशाला? हीच जाईल. पुन्हा एक थेंब जरी गळला ना, तर दारावरची पाटी उतरवीन!"

पाटीवर वडिलांच्या नावाखाली तिचं नाव याच वर्षी चढलं होतं. बोलून गेल्यावर तिला जरा धाकधूक वाटली, पण शब्द गेला तो गेला.

तिने काचेचं छत सरकवलं. पुढच्या दोन्ही कोपऱ्यांत पाणी वाहून जायची बारीक भोकं होती, आणि दोन्ही तुंबलेली.

"जोरात हवा मारा ना. दोन मिनिटांत मोकळं!"

"आणि आतली नळी सांध्यातून निसटली म्हणजे? सगळं छत उसवावं लागेल. घाई तुम्हाला आहे, मला नाही. बॅटरी धरा."

गवत कापायच्या यंत्रातली नायलॉनची दोरी घेऊन ती बोटबोटभर भोकात सरकवू लागली. बॅटरी धरता धरता त्याचा खांदा तिच्या खांद्याला लागला… आणि इतकी सांभाळून धरलेली दोरी तिच्या हातून सुटली.

"काय झालं?"

"काही नाही. उजेड इकडे पाडा. माझ्या तोंडावर नको!"

अर्ध्या तासाने दोरीबरोबर लाल कागदाचा लगदा बाहेर आला. तिंगवेइ कानापर्यंत लाजला. "दादाच्या लग्नात… फटाक्यांची माळ वाजत होती. मी छतातून डोकं काढून फोटो काढत होतो."

"वा! कागदांचा पाऊस झेललात म्हणा."

तिने कपभर पाणी ओतलं. पुढच्या चाकामागे बारीक धार लागली. त्याने चक्क टाळ्या वाजवल्या.

"दर दोन महिन्यांनी छताभोवतीची ही खाच पुसायची, असंच पाणी ओतून बघायचं. आणि उद्या फटाके वाजले की छत बंद!"

"आज्ञा, मालकीणबाई."

दुसऱ्या दिवशी भर पावसात वरात गॅरेजवरून गेली. एक, दोन… सहा! सहावीच्या खिडकीच्या काचेआडून एक कोरडा तळहात तिच्या दिशेने हलला. त्या दिवशी ती उगाचच खूश होती.

आठव्या दिवशी तो दारात हजर. "पुन्हा… गळतंय."

छाइयुनने आधी दारावरच्या पाटीकडे पाहिलं. तिचा शब्द! तिने छत सरकवलं, चिमट्याने डाव्या कोपऱ्यातलं भोक चाचपलं. लाल कागद निघाला… चार घड्या घातलेला.

फटाक्याचे कागद घड्या घालून पडत नाहीत. तिला राग आला, आणि रागाबरोबर एवढा आनंद झाला की तोंड लपवायला तिने मान आणखी आत घातली. पण आता सांगायचं तर यानेच सांगायचं, असं तिने ठरवून टाकलं. कागद खिशात घातला आणि शिडी आणली.

"अहो, काय करताय?"

"पाटी उतरवतेय. थेंब गळला ना?"

"एवढ्याशा थेंबासाठी?"

"शब्द म्हणजे शब्द." तिने पहिला बोल्ट सैल केला. मग दुसरा. पाटी एका अंगाला कलली—

"थांबा! मी घातला तो कागद… मीच!"

"कशाला?"

"गाडी कोरडी झाली आणि… इथे यायला काही कारणच उरलं नाही. तुम्ही आवडता मला. फार."

पाना हातात तसाच धरून ती दोन पायऱ्या खाली उतरली. "आणि नळी निसटली असती म्हणजे?"

"अगदी हळू सरकवला होता. तुम्ही शिकवलं तसा."

मग मात्र तिला हसू आवरेना. "पुढच्या वेळी छत नको, तोंड उघड. कळलं?"

"पुढच्या वेळी… म्हणजे?"

"म्हणजे आत्ता बाजारात खेकड्याचं सूप प्यायला जायचंय. पण आधी वर चढ आणि ते बोल्ट आवळ. माझी पाटी उतरायची नाही."

ती उतरली, तसा तिच्या हातातला पाना घेऊन तो शिडी चढला. खाली तिने शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली.